पहिला सर्व्हर मेला, हे ठरवणार कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बस तिकिटांचं बुकिंग करणारं ॲप, त्याखाली पोस्टग्रेस या डेटाबेसचा एकच सर्व्हर, सुमारे 400 जीबी डेटा, गर्दीच्या दिवशी सेकंदाला दोन-अडीच हजार व्यवहार. मागच्या गणपतीच्या बुकिंगला तो सर्व्हर तीन तास आडवा झाला आणि आता वरून आदेश आलाय की 'चार नऊ' हवेत, म्हणजे 99.99 टक्के वेळ चालू. दोन सर्व्हर पुरतील की पाच घ्यावेत, आणि सगळ्यांवर लिहिता येईल अशी मल्टी-मास्टर मांडणी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

आकडाच हवा असेल तर तीन. मल्टी-मास्टर नको. पण एवढंच घेऊन गेलात तर पुढच्या गणपतीला पुन्हा हेच होईल. गेली अठरा वर्षं मी डेटाबेसांची दुखणी काढतोय. सर्व्हर कमी पडले म्हणून बंद पडलेली ॲप्स त्यात थोडी. बहुतेक ठिकाणी दुसरा सर्व्हर होता, चालूही होता. पहिला मेलाय हे कुणी, किती वेळाने आणि कशावरून ठरवायचं, याचा मात्र कुणी विचार केलेला नव्हता.

आधी त्या चार नऊंचा हिशेब करू. 99.9 टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. 99.99 म्हणजे वर्षाला साडेबावन्न मिनिटं, महिन्याला सव्वाचार-साडेचार. रात्री अडीचला फोन वाजून माणूस उठेपर्यंत, लॅपटॉप उघडून व्हीपीएन लागेपर्यंत महिन्याचा कोटा संपलेला असतो. म्हणजे चार नऊ हवे असतील तर निर्णय यंत्रानेच घ्यायला हवा. शिवाय तुमचं ॲप एकट्या डेटाबेसवर उभं नाही. लोड बॅलन्सर, ॲप सर्व्हर, पेमेंट गेटवे, ओटीपीचा एसएमएस, डेटाबेस अशा पाच गोष्टी प्रत्येकी 99.9 टक्के चालत असतील आणि तिकिटासाठी पाचही लागत असतील, तर गुणाकार 99.5 वर येतो. वर्षाला जवळपास 44 तास. साहेबांना हा गुणाकार कागदावर करून दाखवा. मी दोन ठिकाणी दाखवला, दोन्हीकडे 'चार नऊ'चे 'साडेतीन नऊ' झाले आणि बजेट माणसांत आलं.

यानंतर दोन प्रश्न, ज्यांची उत्तरं तुमच्याच लोकांना द्यावी लागतील. बंद किती वेळ चालेल? आणि शेवटच्या किती सेकंदांचा डेटा गेला तर चालेल? दुसऱ्याला सगळे जण 'शून्य' म्हणतात. त्यांना किंमत सांगा आणि मग पुन्हा विचारा.

किंमत अशी. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे आगाऊ लिहिलेल्या लॉगमध्ये जातो आणि तो लॉग स्टँडबायकडे, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या राखीव सर्व्हरकडे, वाहत राहतो. असिंक्रोनस पद्धतीत प्रायमरी, म्हणजे ज्यावर लिहिलं जातं तो मुख्य सर्व्हर, 'कमिट झालं', म्हणजे व्यवहार पक्का झाला, असं ॲपला सांगून मोकळा होतो आणि लॉग मागाहून पोचतो. मधल्या क्षणात प्रायमरी गेला तर तेवढी तिकिटं गेली, पैसे मात्र कापले गेलेले. सिंक्रोनस पद्धतीत स्टँडबायने 'मिळालं' म्हटल्याशिवाय कमिट होत नाही. तिकीट जात नाही, पण प्रत्येक कमिटला नेटवर्कची एक फेरी लागते. आणि खरी गोम पुढे आहे. एकच सिंक्रोनस स्टँडबाय ठेवला आणि तो बंद पडला, तर प्रायमरी ठणठणीत असूनही सगळी कमिट्स ताटकळत उभी राहतात. म्हणजे भरवसा वाढावा म्हणून आणलेल्या दुसऱ्या सर्व्हरमुळे बंद पडायच्या जागा एकाच्या दोन होतात. दोन सर्व्हर पुरत नाहीत याचं हे पहिलं कारण.

पोस्टग्रेस 10 पासून, म्हणजे 2017 पासून, 'या दोघांपैकी कुणीही एकाने होकार दिला की पुरे' असं सांगता येतं. मी तेच वापरतो. एक प्रायमरी, दोन स्टँडबाय, तिघे एकाच शहरातल्या तीन वेगळ्या इमारतींत. तुम्ही क्लाउडवर आहात आणि मुंबई रीजनमध्ये तीन अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटरं, मिळतात, तर प्रत्येकात एक ठेवा. तिघांमधला कुणीही एक गेला तरी लिहिणं चालू राहतं आणि कमिट झालेलं तिकीट किमान दोन ठिकाणी असतं.

सिंक्रोनस स्टँडबाय हैदराबादला ठेवायचा मोह मात्र होऊ देऊ नका. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद हवाई अंतर सुमारे 620 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद हा निव्वळ भौतिकशास्त्राचा हिशेब, आणि तार काही हवाई मार्गाने जात नाही. एका तिकिटाला एक कमिट असेल तर चालूनही जाईल. पण तुमचं ॲप एका बुकिंगमध्ये आठ-दहा वेळा कमिट करत असणार, जवळपास सगळी करतात, आणि प्रत्येक कमिट पूर्ण होईपर्यंत सीटच्या ओळीवर कुलूप लागलेलं असणार. हैदराबादला असिंक्रोनस प्रत ठेवा. मुंबई संपूर्ण गेली तर शेवटचे काही सेकंद गमावून उभं राहण्यासाठी ती आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. मी नवखा असताना एका कंपनीत दोन सर्व्हरांची जोडी लावली होती. दोघे एकमेकांना हाका मारत राहायचे. हाकेला ओ आली नाही की स्टँडबायने सामायिक आयपी, म्हणजे ॲप ज्यावर येतं तो पत्ता, स्वतःकडे घ्यायचा. साधं, सुटसुटीत, आणि तेव्हा सगळे असंच करत. एका दुपारी दोघांमधला स्विच अर्धवट बिघडला. दोघेही जिवंत, पण एकमेकांना ऐकू येईना. स्टँडबायला वाटलं प्रायमरी गेला, त्याने गादी घेतली. जुन्या प्रायमरीला काही वाटलंच नाही, तो आपला लिहीत राहिला. अकरा मिनिटं दोन राजे होते. दोघांनी तेच पावती क्रमांक वेगवेगळ्या ग्राहकांना दिले. डेटाबेस पूर्ववत व्हायला एक संध्याकाळ लागली आणि त्या पावत्यांचा गुंता सोडवायला तीन आठवडे, तेही हिशेब विभागातल्या दोन बाईंनी हाताने.

याला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि नुसत्या दोन सर्व्हरांत याला खात्रीचा उपाय नाही. 'तो मेला' आणि 'मला तो दिसत नाही' यातला फरक दोघांपैकी एकाला आतून कळू शकत नाही. तिसरं मत लागतं. म्हणून नेता कोण, ही नोंद डेटाबेसबाहेर, बहुमतावर चालणाऱ्या छोट्या क्लस्टरमध्ये, म्हणजे काही मशीनच्या गटात, ठेवतात. मी एटसीडी वापरतो, काही जण कॉन्सुल. तीन नोड, म्हणजे गटातली तीन मशीन, बहुमत दोनचं. चार नोडांत बहुमत तीनचं, म्हणजे तेव्हाही एकच नोड गेलेला चालतो. चौथ्याने बिल वाढतं, बाकी काही नाही. पाच घेतले तरच दोन गेलेले चालतात.

एटसीडी आणि पोस्टग्रेस यांच्यामध्ये पॅट्रोनी बसतो. झालांडो या युरोपातल्या कपडे विकणाऱ्या कंपनीने बनवलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कल्पना इतकी साधी की मला ती फार आवडते. नेत्याकडे मुदतीची किल्ली असते आणि ती त्याने सतत नव्याने घ्यायची. मुदत मूळ सेटिंगमध्ये 30 सेकंद, फेरी दर 10 सेकंदांनी. नूतनीकरण करता आलं नाही तर नेता स्वतःहून पायउतार होऊन फक्त वाचनापुरता उरतो. किल्ली मोकळी झाली की ज्याच्याकडे सगळ्यात ताजा लॉग आहे तो ती घेतो. म्हणजे अचानक मरणात साधारण अर्धं ते पाऊण मिनिट लेखन बंद. ही मुदत पाच सेकंदांवर आणा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डिस्क जरा अडखळली, व्हर्च्युअल मशीन क्षणभर गोठलं, की विनाकारण गादीपालट होईल. महिन्यात चार खोटे फेलओव्हर, म्हणजे अशा गादीपालटी, हे एका खऱ्यापेक्षा महाग पडतात. आणि पॅट्रोनीची प्रक्रियाच गोठली तर पायउतार कोण करणार? त्यासाठी वॉचडॉग लावतात. वेळेत थाप पडली नाही की तो मशीनच रीस्टार्ट करतो. हे लोक हमखास विसरतात.

यंत्राला किती अधिकार द्यायचा, याबाबत 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेचं जे झालं ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा नेटवर्कशी संपर्क फक्त 43 सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित यंत्रणेने मायएसक्यूएल या डेटाबेसचे प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेले. पूर्वेकडे काही सेकंदांचं लेखन असं राहिलं जे पश्चिमेला पोचलेलंच नव्हतं, आणि पश्चिमेकडे नवं लेखन सुरू झालं. परत जायची वाट बंद झाली. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. यंत्रणेने सांगितलं तेच केलं होतं. म्हणून माझा नियम असा आहे की मुंबईच्या तीन झोनांमध्ये गादीपालट यंत्राने करायची. हैदराबादला जायचं की नाही हे माणसाने, शक्यतो दोघांनी मिळून ठरवायचं.

इथवरचं बहुतेक लोक करतात. पुढचं ॲपच्या बाजूचं आहे आणि तिथेच माझी सगळ्यात जास्त रात्रपाळी झाली आहे. एकदा आमचा फेलओव्हर 35 सेकंदांत नेटका झाला आणि ॲप पुढची पंधरा मिनिटं बंदच होतं. सर्व्हरची वीजच गेली असेल तर तो कनेक्शन बंद करतोय असं सांगायलाही उरत नाही. ॲप उत्तराची वाट बघत बसतं. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये पोच न मिळालेलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत सुमारे पंधरा मिनिटं घालवतो. पाठवायचं काही नसेल, नुसतं ऐकत बसायचं असेल, तर कीपअलाइव्हची, म्हणजे 'आहेस का' अशी, पहिली चौकशी 7200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. हे आकडे ॲपच्या कनेक्शन सेटिंगमध्ये दहा-पंधरा सेकंदांवर आणा. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तिन्ही सर्व्हरांची नावं देऊन 'ज्यावर लिहिता येईल तो दे' असंही सांगता येतं, तेही वापरा. मध्ये एचएप्रॉक्सी हा वाटाड्या ठेवणार असाल तर तोही एकच ठेवू नका. हसू नका, मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, कमिट पाठवलं आणि कनेक्शन तुटलं तर तिकीट झालं की नाही? ॲपला कळायला मार्ग नाही. आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर एका माणसाच्या दोन सीट. त्यामुळे प्रत्येक बुकिंग विनंतीला मोबाइलवरच एक वेगळा क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. बसची फेरी आणि सीट क्रमांक यांच्या जोडीवरही घाला. मग कितीही वेळा पाठवलं तरी तिकीट एकच राहतं. हे काम डेव्हलपरांचं आहे आणि ते सर्व्हर मागवायच्या आधी व्हायला हवं.

क्षमतेचंही असंच आहे. स्टँडबाय रिकामे बसलेत म्हणून वाचनाचा भार त्यांच्यावर टाकतात, आणि काही दिवसांत ते 70 टक्क्यांवर धावायला लागतात. त्यातला एक प्रायमरी झाला की उरलेल्या एकावर 140 टक्के. फेलओव्हर यशस्वी, ॲप बंद. म्हणून गर्दीच्या दिवशीही दोन स्टँडबाय प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आत हवेत. थोडं वाचन त्यांच्यावर जरूर टाका, त्याने मेमरी गरम राहते. थंड मेमरीचा स्टँडबाय प्रायमरी झाला की पहिली काही मिनिटं प्रत्येक गोष्टीसाठी डिस्क गाठतो. कुठलं वाचन टाकायचं हे मात्र निवडा. बसचा शोध चालेल. 'माझी तिकिटं' नको. आत्ता काढलेलं तिकीट स्टँडबायवर अर्धा सेकंद उशिरा दिसलं तर प्रवासी दुसरं काढतो.

कनेक्शन मोजा. चाळीस ॲप सर्व्हर, प्रत्येकाचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेली कनेक्शनं, वीसचा, म्हणजे 800. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 आणि प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रक्रिया. मध्ये थोडी कनेक्शनं अनेकांना वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवा, नाहीतर फेलओव्हरनंतर आठशे जण एकदम दारावर धडकतील.

एक दिवाळीतली गोष्ट. रेप्लिकेशन स्लॉट म्हणजे प्रायमरीने स्टँडबायला दिलेलं वचन असतं की तू घेईपर्यंत लॉग टाकणार नाही. आमच्याकडे एक स्टँडबाय दुरुस्तीसाठी बंद केला, लोक सुट्टीवर गेले, स्लॉट तसाच राहिला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रायमरीची डिस्क लॉगने शंभर टक्के भरली आणि तो कोसळला. विमा म्हणून ठेवलेल्या सर्व्हरने मुख्य सर्व्हर घालवला. पोस्टग्रेस 13 पासून स्लॉटने किती लॉग अडवायचा याला कमाल मर्यादा घालता येते. ती घाला, मूळ सेटिंगमध्ये ती नसते.

तिन्ही सर्व्हरांवर ऑपरेटिंग सिस्टीम एकाच आवृत्तीची ठेवा. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या 2.28 आवृत्तीत मजकुराचा अकारविल्हे क्रम लावायचे नियम बदलले. जुन्या प्रायमरीवर बनलेला नावांचा इंडेक्स नव्या सिस्टीमच्या स्टँडबायवर चुकीची उत्तरं देतो, तेही गपचूप. आणि टेबलाची रचना बदलताना लॉक टाइमआउट, म्हणजे कुलपासाठी थांबायची मर्यादा, लावा. मोठा रिपोर्ट चालू असताना 'ऑल्टर टेबल' त्याच्यामागे रांगेत उभा राहतो आणि त्याच्यामागे सगळं बुकिंग. अशा वेळी तीन काय, तीस सर्व्हर असले तरी उपयोग नाही. मी पाहिलेल्या बंद पडण्यांत हार्डवेअरपेक्षा आपल्याच हातांचा वाटा जास्त.

हात म्हटल्यावर बॅकअप आलाच. स्टँडबाय हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं टेबल तिन्हीकडे एका क्षणात पुसलं जातं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी पुसली. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो बनतच नव्हता, कारण बॅकअप घेणारा पीजीडंप हा प्रोग्राम 9.2 चा आणि डेटाबेस 9.6 चा. अपयशाच्या ईमेल सूचनाही मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तास आधी कुणी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, होता, त्यावर ते वाचले. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. तुम्ही पीजीबॅकरेस्टसारख्या बॅकअप साधनाने रोजचा बॅकअप आणि सततचा लॉग वेगळ्या रीजनमध्ये ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तो कोऱ्या मशीनवर आपोआप उभा करून कालच्या तिकिटांची संख्या जुळते का तपासा. 400 जीबी उभे व्हायला किती वेळ लागतो तो आकडा तेव्हाच कळतो, आणि तो ऐकून बहुतेक साहेब गप्प होतात.

हे सगळं स्वतः करायचं की क्लाउडवाल्याची व्यवस्थापित सेवा घ्यायची, हे तुमच्याकडे माणसं किती यावर आहे. चार-पाच जणांची टीम आणि पूर्णवेळ डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नाही, तर सरळ व्यवस्थापित सेवा घ्या. ॲमेझॉनच्या आरडीएसची मल्टी-एझेड, म्हणजे दोन झोनांतली, जोडी फेलओव्हरला साधारण 60 ते 120 सेकंद घेते. महिन्याच्या सव्वाचार मिनिटांत असे दोन बसतात. कनेक्शनचे टाइमआउट, विनंती क्रमांक आणि रिस्टोअरची तपासणी तिथेही तुमचीच.

मल्टी-मास्टर का नको, तेही सांगतो. दोन मास्टरांवर एकाच क्षणी दोघांनी 12 नंबरची सीट काढली. दोघांनाही 'तिकीट पक्कं' असा संदेश गेला. टक्कर मागाहून लक्षात येते आणि 'शेवटचा जिंकला' या नियमाने एक जण पनवेलच्या थांब्यावर तिकीट हातात धरून उभा राहतो. प्रत्येक लेखनाला बहुमत घेणारे वितरित डेटाबेसही आहेत आणि ते ही टक्कर होऊ देत नाहीत. पण सेकंदाला अडीच हजार व्यवहार एक बऱ्यापैकी पोस्टग्रेस सर्व्हर पेलतो. त्यासाठी नवी विद्या शिकायची आत्ता गरज नाही.

शेवटी तालीम. बुकिंग उघडायच्या तारखेच्या तीन आठवडे आधी सगळे बदल थांबवा आणि त्याआधी किमान चार वेळा खऱ्या सिस्टीमवर प्रायमरी पाडा. मंगळवारी सकाळी अकराला, सगळे जागेवर असताना. नुसती प्रक्रिया बंद करून भागत नाही, तो सोपा मृत्यू आहे. एकदा मशीनची वीज काढा, एकदा फक्त नेटवर्क अडवा, एकदा एटसीडीचा एक नोड पाडा. प्रायमरी पडल्यापासून पहिलं तिकीट निघेपर्यंतचे सेकंद घड्याळ लावून मोजा. पहिल्या तालमीत काहीतरी तुटणारच. आमच्याकडे रात्री हिशेब जुळवणारं एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, निघालं. त्यात जुन्या प्रायमरीचा आयपी हाताने लिहिलेला होता आणि लिहिणाऱ्याला नोकरी सोडून चार वर्षं झाली होती.